एका थरांतील सहा आगट्या : निआंडरथल मानवाच्या वर्तनाविषयींच्या कांहीं अनुमानांचें परीक्षण

इ. स. २०२४ च्या जून महिन्यांत ‘नेचर’ या इंग्रजी शास्त्रीय साप्ताहिकांत स्पेन देशांतील एल साल्त येथील प्राचीन आगट्यांवर एक निबंध प्रसिद्ध झाला. आंखेला एर्रेखोन-लागुनिया या विदुषीनें अनेक सहकाऱ्यांसह तो लिहिला आहे. निबंधाचा प्रश्न वरवर पाहतां अगदीं लहान दिसतो. एकाच थरांत लागलेल्या सहा आगट्यांपैकीं पहिली विझल्यापासून शेवटची विझेपर्यंत काळ किती गेला, एवढाच तो प्रश्न. उत्तर आलें तें असें कीं, कमींत कमी २०० ते २४० वर्षें. सुमारें ५२,००० वर्षांपूर्वींच्या गोष्टींत दोन शतकांचा हिशेब तो काय करावयाचा, असें कोणास वाटेल. परंतु या लहानशा उत्तरामुळें निआंडरथल मानवाच्या राहणीविषयीं गेल्या साठ-सत्तर वर्षांत जें लिहिलें गेलें, त्यांतील बराच भाग पुन्हां तपासून घेणें प्राप्त झालें आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगणें हाच या लेखाचा हेतु.

या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें पाषाणयुगाचा विषय क्वचित् येतो. तथापि या प्रश्नाचा त्यांच्याइतका मर्मज्ञ दुसरा वाचक मिळणें कठीण. जुन्या दप्तरांतील रुमाल सोडणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, एका रुमालांत बांधलेले कागद एका सालचे असतातच असें नाहीं. आजोबाचें वतनपत्र, बापाच्या तंट्याचा निवाडा व नातवाचें कर्जखत एकाच गांठींतून निघतात. रुमाल बांधणाऱ्यानें त्यांस एकत्र आणलें, काळानें नव्हे. जमिनीचा थर हाहि असाच एक रुमाल आहे. त्यांत जवळ जवळ पडलेल्या वस्तु जवळ जवळच्या काळांत पडल्या, हें सिद्ध करावें लागतें. गृहीत धरून चालत नाहीं. पाषाणयुगाच्या अभ्यासकांस ही शंका सुचलीच नव्हती, असें नाहीं. परंतु मापण्याचें साधन हातीं नसल्यामुळें पुष्कळांनीं ती प्रस्तावनेंत नोंदवावी व पुढील प्रकरणांत विसरावी, असा प्रकार होत आला.

निआंडरथल हें नांव जर्मनींतील ड्युसेलडॉर्फजवळच्या निआंडर खोऱ्यावरून पडलें. तेथील चुनखडीच्या खाणींत इ. स. १८५६ मध्यें या मानवाचीं हाडें निघालीं, आणि १८६४ मध्यें विल्यम किंग यानें त्यास स्वतंत्र जातीचें नांव दिलें. युरोप व पश्चिम आशिया या प्रदेशांत सुमारें ४०,००० वर्षांपूर्वींपर्यंत तो नांदत होता. भारतांत त्याचीं हाडें मिळालेलीं नाहींत. नर्मदातीरीं हथनोरा येथें १९८२ मध्यें मिळालेली कवटी कोणत्या मानवाची, यावर वाद आहे. तो येथें नको. मात्र २०१० पासून आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणानें असें ठरलें आहे कीं, आफ्रिकेबाहेरील लोकांच्या अंगीं, अर्थात् आपल्याहि, त्याचा शेंकडा १ ते २ इतका अंश आहे. तेव्हां विषय अगदींच परगोत्राचा नव्हे.

एका शब्दाची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. या खुणांस मराठींत सर्रास ‘चूल’ असें म्हणण्यांत येतें. चूल हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आलेला. त्याच्याबरोबर मांडलेले दगड, वर चढविलेलें भांडें, रांधणारी गृहिणी व जेवणारें कुटुंब इतकें सर्व न सांगतां येतें. ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे घर वेगळें झालें, असा आपला व्यवहार आहे. ज्या खुणांविषयीं आपण बोलत आहों त्या बहुधा सपाट भुईवर, कांहींएक न बांधतां पेटविलेल्या जाळाच्या आहेत : तळाशीं काळा पट्टा, वर पांढरी राख, कित्येकदां खालीं भाजून लाल झालेली माती. मातीचें भांडें तर त्या काळीं नव्हतेंच. म्हणून आम्हीं येथें ‘आगटी’ हाच शब्द घेतला आहे. सिद्ध करावयाची गोष्ट नांवांतच घालून ठेवणें बरें नव्हे.

आतां अनुमानाची सांखळी पाहूं. नैयायिकांचें डोंगरावरील धुराचें उदाहरण प्रसिद्ध आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान निर्दोष. परंतु अग्नीवरून धुराचें अनुमान सदोष, कारण तेथें ओल्या सर्पणाचा उपाधि लागतो. तापलेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर निघत नाहीं. आमच्या विषयांत राखेवरून अग्नि सिद्ध होतो, यांत वाद नाहीं. वणवा नव्हता असें दाखविलें म्हणजे अग्नीवरून मनुष्यहि सिद्ध होतो. येथपर्यंत पाऊल पक्क्या जमिनीवर आहे. पुढें मात्र असें म्हणण्यांत येतें कीं, आगट्या सहा, म्हणून मंडळ्या सहा. एका आगटीभोंवतीं चार-पांच माणसें बसतात, म्हणून टोळी पंचवीस-तीसांची. एकीजवळ हाडें व दुसरीजवळ गारगोटीच्या छिलक्या अधिक, म्हणून कामाची वांटणी. ह्या प्रत्येक पायरीस एक उपाधि आहे, आणि तो एकच आहे : त्या आगट्या एका वेळच्या असल्या पाहिजेत. हा उपाधि काढून घेतला कीं टोळी, मंडळ्या आणि कामाची वांटणी हीं तिन्ही एकदम कोसळतात. टोळी केवढी होती यावरच तिचें परस्परावलंबन, आजाऱ्यांची शुश्रूषा, मुलांचें शिक्षण इत्यादि गोष्टींविषयींचीं मतें उभारलेलीं असल्यामुळें, हा केवळ कालगणनेचा वाद नव्हे.

एल साल्त हें स्थळ पूर्व स्पेनमध्यें आलिकांते प्रांतांतील आल्कोय शहराजवळ, एका उंच चुनखडी कड्याच्या पायथ्याशीं आहे. ला लागुना विश्वविद्यालयाचे बेर्तिला गाल्वान, क्रिस्तो हेर्नांदेस इत्यादि संशोधक तेथें दीर्घकाळ खोदकाम करीत आले आहेत. प्रस्तुत निबंधांतील युक्ति अशी. मातींत लोहाचे सूक्ष्म कण असतात. जाळ पेटला म्हणजे ते तापतात, आणि निवतांना त्या वेळीं पृथ्वीच्या चुंबकशक्तीची जी दिशा असेल ती धरून बसतात. ही दिशा स्थिर नाहीं. ती वर्षानुवर्षें हळूहळू सरकत असते. तेव्हां दोन आगट्यांत दोन भिन्न दिशा नोंदल्या गेल्या असतील, तर त्या एका हंगामांतील नव्हेत, हें उघड आहे. गेल्या कांहीं सहस्रकांत ही दिशा किती वेगानें सरकली याचें मान ठाऊक आहे. त्या मानानें तितकें अंतर कापण्यास निदान किती वर्षें लागलीं असतील, याचा हिशेब मांडतां येतो. त्यास थरांच्या वर-खालीं असण्याचा पुरावा जोडून या मंडळींनीं सहा आगट्यांचा क्रम व त्यांच्यामधील अंतरें ठरविलीं. तीं अंतरें दशकांचीं, क्वचित् शतकाच्या घरांतलीं आहेत. कार्बनमापनानें हें काम कधींच झालें नसतें. त्याची धांव सुमारें ५०,००० वर्षांपर्यंतच. तिच्या शेवटाजवळ त्याच्या उत्तरांत शेंकडों-हजारों वर्षांची चूक सहज राहते.

युक्ति सुंदर आहे यांत शंका नाहीं. तरी तिच्या मर्यादा जाणत्या वाचकानें ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, चुंबकाची नोंद ही शेवटच्या जाळाची असते. आधीं त्याच जागीं दहा वेळां आग पेटली असली तरी शेवटची तेवढी स्वतःची दिशा मागें ठेवून जाते. पोथीच्या पुष्पिकेंतील शक हा नकलेचा शक असतो, मूळ ग्रंथाचा नव्हे. तसाच हा प्रकार आहे. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. दिशा भिन्न निघाल्या तर काळ भिन्न, हें खरें. पण दिशा एकच निघाली तर काळ एकच, असें म्हणतां येत नाहीं, कारण फिरत फिरत चुंबकदिशा पूर्वींच्या जागीं पुन्हां येऊं शकते. म्हणजे ही पद्धति दोन आगट्यांस वेगळें करूं शकते, एकत्र आणूं शकत नाहीं. म्हणूनच लेखकांनीं ‘कमींत कमी’ हे शब्द सोडलेले नाहींत, आणि याबद्दल त्यांस धन्यवाद दिले पाहिजेत. वृत्तपत्रांतून गोष्ट उतरतांना नेमके असे शब्द आधीं गळतात. तिसरी गोष्ट म्हणजे ५२,००० वर्षांपूर्वीं ती दिशा आजच्यासारख्याच चालीनें सरकत होती, हें गृहीत. तें असंभाव्य नाहीं, पण गृहीत आहे. चाल दुप्पट धरली तरी शंभर वर्षें उरतात. सहा आगट्यांस एका हिंवाळ्यांत आणण्यास तेवढ्यानें भागत नाहीं.

याच एल साल्त येथें त्यापूर्वीं झालेलें एक काम आम्हांस तितकेंच महत्त्वाचें वाटतें, आणि त्याचा गवगवा मात्र फारसा झाला नाहीं. आगटीच्या तळाचा काळा पट्टा म्हणजे जळलेल्या लांकडाचे कोळसे व वरची पांढरी राख म्हणजे त्यांचाच शेवट, अशी सर्वांची समजूत असे. कारोलिना मायोल व तिचे सहकारी यांनीं २०१३ मध्यें या पट्ट्यांचे राळेंत गोठविलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, स्वतः जाळ पेटवून प्रयोगहि केले, आणि असें दाखविलें कीं, काळा पट्टा हा बहुतांशीं सर्पणाचा नसून आग पेटण्यापूर्वींच्या भुईचा आहे. त्या भुईवर आधीं पडलेला पालापाचोळा, हाडांचे तुकडे, दगडाच्या छिलक्या हें सर्व वरच्या जाळाच्या आंचेनें करपून काळें झालें. खरें सर्पण वरच्या पांढऱ्या राखेंत आहे.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. काळ्या पट्ट्यांत भाजलेलें हाड सांपडलें, तर आजवर सरळ म्हणत कीं, या आगटीवर यांनीं मांस भाजलें. आतां असेंहि म्हणावें लागेल कीं, तें हाड पूर्वीं कोणी टाकून गेला होता. नंतर आलेल्यानें त्यावर नकळत जाळ केला. मधला काळ एका दिवसाचा असेल, एका पिढीचा असेल. जुन्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर कोणी वाण्यानें हिशेब लिहावा, आणि संशोधकानें दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच गृहस्थाचा समजावा, तसा हा घोटाळा आहे. भाजलेपणा ही वस्तूची अवस्था झाली. ती वस्तु कोणी व कशासाठीं आणली याचा तो पुरावा नव्हे. आम्हांस वाटतें कीं, आगट्यांवरील जुन्या अहवालांत ‘भाजलेलें’ या शब्दावर जेवढा भार टाकला गेला आहे, तेवढा तो शब्द पेलूं शकत नाहीं.

उदाहरणार्थ, कार्मेल पर्वतावरील केबारा गुहेचा प्रसंग घ्या. तेथें राखेचे जाड थर आहेत आणि त्यांतून सुमारें चार हजार करपलेलीं बीजें निघालीं, त्यांत कडधान्यांच्या वर्गांतील फार. त्यावरून निआंडरथल मानव शेंगा-दाणे खात असे, असा निष्कर्ष २००५ मध्यें मांडण्यांत आला. निष्कर्ष खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इतकीं बीजें गुहेंत आपोआप येतील हें संभवत नाहीं. पण तीं भाजून खाण्यांतून सांडलीं कीं जमिनीवर पडलेलीं नंतरच्या जाळाखालीं करपलीं, हे दोन पाठ आहेत, आणि त्यांतून एक निवडण्यास बीजांची संख्या पुरी पडत नाहीं. शाकाहाराचा याहून सरळ पुरावा एल साल्त येथेंच २०१४ मध्यें मिळाला. विष्ठेच्या अवशेषांतील मेदद्रव्यांवरून खाणारा मुख्यतः मांसभक्षक असून वनस्पतीहि बऱ्याच खात होता, असें ठरलें. येथें आंच व अन्न यांचा संबंध जोडण्याची गरजच पडत नाहीं. पुरावा ओंगळ खरा, पण साक्ष स्वच्छ.

आगटीभोंवतालच्या कचऱ्यावरून माणसें बसलीं कशीं, हें वाचण्याची विद्या लुइस बिनफर्ड या अमेरिकन पंडितानें घातली. अलास्कांतील नुनामिउत शिकारी जाळाभोंवतीं बसून काम करीत असतां त्यानें पाहिलें कीं, बारीक चुरा गुडघ्यांपाशीं पडतो आणि मोठीं हाडें पाठीमागें किंवा जाळापलीकडे भिरकावलीं जातात. त्यामुळें कचऱ्याचीं दोन कडीं तयार होतात. हें निरीक्षण १९७८ मध्यें प्रसिद्ध झालें आणि तें आजहि टिकून आहे. त्यानेंच पुढें आणखी एक मार्मिक गोष्ट दाखविली. फ्रान्समध्यें पँसव्हाँ येथें, निआंडरथलांच्या फार नंतरच्या काळांतील, तीन आगट्या एका ठिकाणीं लागल्या होत्या. आंद्रे लरुआ-गुराँ यानें त्यांवर एक मोठा तंबू कल्पिला. बिनफर्डनें म्हटलें कीं, तंबू वगैरे कांहीं नाहीं. वारा फिरला, धूर तोंडावर येऊं लागला, तेव्हां त्याच माणसांनीं पाठ फिरवून बाजूस दुसरा जाळ केला. म्हणजे एकाच संध्याकाळीं एकाच मंडळीच्या दोन आगट्या ! एल साल्त येथें एका थराच्या सहा आगट्यांस दोन शतकें लागलीं, आणि पँसव्हाँ येथें कदाचित् दोघींस एक घटका. आगट्यांची संख्या मोजून माणसें मोजण्याची रीति दोन्हीकडून मोडते.

बार्सिलोनाजवळच्या कापेयादेस येथील आब्रिक रोमानी या कड्याखालच्या निवाऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. आमादोर रोमानी यानें तें स्थळ १९०९ मध्यें उजेडांत आणलें, आणि १९८३ पासून तेथें सलग खोदकाम चालू झालें. चुन्याच्या पाण्याचा निवळ थिजून तेथील एकेक भुई जणूं शिक्कामोर्तब झालेली आहे ; कुजून गेलेल्या लांकडांचे सांचेसुद्धां उरले आहेत. तेथील एका थरांत, भिंतीला लागून, ठराविक अंतरानें ओळीनें आगट्या आहेत. मधल्या जागा निजण्याच्या असाव्या, असें जुझेप व्हालव्हर्दू व सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें सुचविलें. आम्हांस हें मत आकर्षक वाटतें. यदृच्छेनें पेटलेल्या जाळांस अशी ओळ साधणें कठीण, आणि पुढें येणाऱ्यानें मागील राख टाळून शेजारीं जाळ केला असला तरी अंतर सारखें राहण्यास कारण पाहिजे. परंतु ही ओळ एका रात्रीची कीं एकाच संवयीची, हें त्यावरून ठरत नाहीं. याच स्थळीं मानुएल व्हाकेरो यानें एका दगडाच्या छिलक्या पुन्हां जुळवून निरनिराळ्या आगट्यांमधील येरझारा दाखविण्याचें कष्टाचें काम केलें आहे. फाटलेल्या पानाचे दोन तुकडे दोन रुमालांत मिळावे, तसा हा जोड. तोहि नेहमींच निर्णायक नसतो, कारण मागील लोकांनीं टाकलेला दगड पुढील लोक उचलून पुन्हां फोडीत असत. तरी पुरावा याच जातीचा पाहिजे.

फ्रान्समधील वाद आम्ही थोडक्यांतच उल्लेखितों. रॉक द मार्साल व पेश द लाझे येथें उबदार काळाच्या थरांत आगट्या पुष्कळ आणि कडाक्याच्या थंडीच्या थरांत जवळ जवळ नाहींत, असें २०११ मध्यें सँडगेथ, डिबल इत्यादिकांनीं दाखविलें, व निआंडरथल मानवास आग पेटवितां येत नसावी, विजेनें लागलेली तो सांभाळीत असावा, असा तर्क केला. निरीक्षण मोलाचें आहे. तर्क मात्र अभावावरून केलेला आहे, आणि सर्पणाची टंचाई, ऋतुमानानें होणारी ये-जा किंवा राख वाहून जाणें यांतील कोणतेंहि कारण तोच अभाव उत्पन्न करूं शकतें. पुढें २०१८ मध्यें अँड्र्यू सोरेन्सेन यानें सुमारें ५०,००० वर्षांपूर्वींच्या फ्रेंच हातकुऱ्हाडींवर माक्षिक घांसल्याच्या खुणा दाखविल्या. डिसेंबर २०२५ मध्यें इंग्लंडांतील बार्नम येथील सुमारें ४,००,००० वर्षांपूर्वींची भाजलेली माती, तडकलेल्या हातकुऱ्हाडी आणि लोहमाक्षिकाचे दोन तुकडे यांचा वृत्तान्त आला. माक्षिक त्या भागांत दुर्मिळ. म्हणजे तें चकमक झाडण्यासाठीं कोणी मुद्दाम आणलेलें. पण मनुष्याचीं हाडें तेथें नाहींत. तो आद्य निआंडरथल असावा, हें आजूबाजूच्या पुराव्यावरून केलेलें अनुमान आहे, तें तेवढ्याच जोरानें बोलावें.

मग एल साल्तच्या सहा आगट्यांवरून वर्तनाचें कांहींच कळत नाहीं काय ? कळतें, आणि तें कल्पिलेल्या कुटुंबचित्रापेक्षां अधिक विस्मयकारक आहे. लोक येत, जाळ करीत, कांहीं काळ राहून निघून जात. आणि दशकें लोटल्यावर कोणीतरी पुन्हां त्याच कड्याखालीं येई. तो पहिल्यांचाच वंशज होता कीं कड्याचा आडोसा व जवळचें पाणी पाहून थांबलेला परका होता, हें आगटी सांगत नाहीं. परंतु टोळी लहान व भ्रमंती मोठी, असें मानण्यास आतां मापलेला आधार आहे. एका थरांतील सर्व हाडें एकत्र मोजून ‘येथें अमुक प्राण्यांची शिकार होई’ असें जें सांगण्यांत येतें, तें त्यामुळें एका टोळीच्या आवडीविषयींचें विधान न राहतां दोन शतकांच्या सरासरीविषयींचें विधान होतें. सरासरीहि उपयोगी असते. मात्र तिला कोणी रात्रीच्या जेवणाचें ताट म्हणूं नये.

महाभारताची संशोधित आवृत्ति सिद्ध करतांना डॉ. सुखटणकर यांनीं प्रथम प्रतींचीं कुळें लाविलीं आणि मग पाठ ठरविले. आधीं आवडता पाठ घेऊन मग प्रती शोधल्या नाहींत. आगट्यांच्या अभ्यासांत तो क्रम आतां शक्य झाला आहे. ज्या प्रसिद्ध स्थळांचे नकाशे पूर्वीं छापले गेले, त्यांत एका थरांतील सर्व आगट्या व सर्व वस्तु एकाच पानावर काढलेल्या असतात. ज्या आगट्यांची माती अद्याप राखून ठेवलेली असेल, तिचें चुंबकीय परीक्षण करून असे नकाशे पुन्हां, आगटीगणिक एक याप्रमाणें, काढले पाहिजेत. आणि कोणती छिलकी व कोणतें हाड कोणत्या पानावर जातें हें ज्यांचें ठरत नाहीं, त्यांसाठीं शेवटीं एक पान वेगळें ठेवावें. आमच्या अंदाजानें तेंच पान सर्वांत भरगच्च निघेल.